पाचवीला पुजलेलं दुखणं

एखादी गोष्ट माणसाची पाठ सोडत नसली, की आपण मराठीत म्हणतो, ‘ती त्याच्या पाचवीलाच पुजली आहे.’ बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, ही त्यामागची समजूत. आमच्या घरांत पाचवीऐवजी छठी म्हणतात. पण मी वाढलो जुन्नरच्या गल्लीत. त्यामुळे वाक्प्रचार माझ्याही तोंडी पाचवीचाच बसला.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावांत कार्यक्रमांच्या निमित्ताने माझं फिरणं होतं. हा वाक्प्रचार मी सर्वांत जास्त वेळा ऐकला तो आजारी मुलांबद्दल. ‘याचं दुखणं पाचवीलाच पुजलंय’, असं आजी म्हणते, शेजारीण म्हणते, आणि हळूहळू मुलाची आईही म्हणू लागते. एकदा तसं म्हटलं की शोध थांबतो. जे कपाळावर लिहिलंय, त्याची तपासणी कोण कशाला करील?

मी डॉक्टर नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. औषध सांगणं माझं काम नव्हे. पण शब्द माणसाला काय करतात, हे पाहणं माझं काम आहे. म्हणून आज एका दुर्मिळ आजाराविषयी बोलणार आहे आणि त्या आजाराच्या भोवती आपण वापरतो त्या चार शब्दांविषयीही.

आधी एक दिलासा. लहान मूल वारंवार आजारी पडतं, म्हणजे त्याला काही भयंकर झालंय असं नाही. वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं हे लहान मुलांत सर्रास घडतं. अंगणवाडीत जायला लागलं की ते वाढतं. त्याखेरीज कुपोषण, पंडुरोग, चुलीचा धूर, अस्वच्छ बाटलीतलं दूध, घरातला क्षयरोगी ही वारंवार आजारी पडण्याची नेहमीची कारणं आहेत आणि त्यांवर उपाय आहेत. मात्र या सगळ्यांतून गाळून थोडी मुलं अशी उरतात, ज्यांचं दुखणं वेगळं असतं. त्यांच्या शरीराची राखणच जन्मापासून अधू असते. अशा अनेक विकारांपैकी एका विकाराचं इंग्रजी नाव आहे ल्युकोसाइट अधेजन डेफिशियन्सी, थोडक्यात एलएडी. मराठीत सांगायचं तर पांढऱ्या पेशींना चिकटता न येणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण या न चिकटण्यावर बाळाचा जीव अवलंबून असतो.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, हे आपण शाळेत शिकलो. हे कळलं कसं, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८८२ साली इली मेचनिकोव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ इटलीतल्या मेसिना या गावी समुद्रकाठी राहत होते. ताऱ्याच्या आकाराचा एक सागरी जीव असतो, तारामासा. त्याचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक. मेचनिकोव्हांनी त्याच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. त्या पेशी आपणहून चालत तिथे आल्या होत्या. शरीर स्वतःचं रक्षण कसं करतं, याचं एक मोठं कोडं तिथे सुटायला लागलं. १९०८ साली पॉल अर्लिक यांच्यासोबत मेचनिकोव्हांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचाच एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला. प्लेगची साथ पेटलेली असताना त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ते वाल्डेमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. याच परळकडे आपल्याला पुन्हा जायचं आहे.

तर मुद्दा असा, की पांढऱ्या पेशींना चालावं लागतं. काटा पायात आणि पेशी रक्तात, असं असून भागत नाही. पेशीला रक्तवाहिनीतून बाहेर पडून काट्यापर्यंत पोचावं लागतं. हे ती कसं करते?

आपल्या कुकडी नदीला पूर आलाय आणि त्यात एक पट्टीचा पोहणारा वाहत चाललाय, असं डोळ्यांपुढे आणा. काठावरच्या एका वस्तीला आग लागली आहे आणि ती विझवायला त्याला तिथे उतरायचं आहे. पाण्याला ओढ जबरदस्त. तो काय करील? आधी काठाच्या गवताला हात घासत जाईल. गवत हातात येईल, निसटेल, पुन्हा येईल; त्याने वेग कमी होईल. मग एखादं भक्कम मूळ दिसलं की ते घट्ट धरील आणि थांबेल. शेवटी अंग वर खेचून काठावर चढेल आणि वस्तीकडे धावेल.

पांढरी पेशी अगदी हेच करते. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला सेलेक्टिन नावाचे रेणू उगवतात. ते आपलं गवत. पेशीच्या अंगावर एक विशिष्ट साखर असते. ती साखर त्या गवतात अडकते आणि पेशी गडगडत, मंदावत जाते. मग पेशीच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं पुढे होतात. ही तिची बोटं. त्या बोटांनी ती वाहिनीची भिंत घट्ट धरते, थांबते आणि दोन पेशींच्या फटीतून बाहेर पडून जंतूंकडे जाते.

आता समजा, पोहणाऱ्याला बोटंच नाहीत. गवताने वेग कमी होतो, पण मूळ धरता येत नाही. तो वस्तीच्या समोरून वाहून जातो. त्याच्यामागून दुसरा, तिसरा, हजारावा. नदी पोहणाऱ्यांनी भरून गेली आहे आणि काठावरची वस्ती जळते आहे. हा एलएडीचा पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. इंटिग्रिनचा एक भाग असतो, त्याला सीडी १८ म्हणतात. तो बनवण्याची कृती आपल्या एकविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते. तिथे चूक असली की सीडी १८ बनत नाही किंवा फार थोडं बनतं.

तिसऱ्या प्रकारात बोटं असतात, पण मिटत नाहीत. या मुलांमध्ये रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांचीही पकड सुटलेली असते, म्हणून जंतुसंसर्गाबरोबर रक्तस्रावही होतो. दुसऱ्या प्रकारात गवतात अडकणारी साखरच नसते. त्याची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. ती पुढे सांगतो.

आता पहिला शब्द. तो शब्द आहे पू.

मुलाला करट झालं, त्यातून पू निघाला, की आपण म्हणतो, ‘घाण निघून गेली.’ पू नसलेली जखम दिसली, की म्हणतो, ‘बरं झालं, पू तरी झाला नाही.’ एरवी हे बरोबर असेल. पण पू म्हणजे काय? जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा तो ढीग. पू दिसला, याचा अर्थ लढाई झाली. एलएडीच्या बाळाची जखम लाल होते, पसरते, कधी काळी पडते, आठवडेच्या आठवडे भरत नाही आणि तिच्यात पू जवळजवळ नसतो. कारण लढणारे तिथवर पोचलेलेच नसतात. अखेर जखम भरते तेव्हा तिचा व्रण पातळ, कागदासारखा राहतो. आमचं जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं; पण असा कागद कुणाच्या अंगावर पाहायला मिळू नये.

दुसरा शब्द नाळ. आपल्याकडे पाचवी आणि बारसं यांच्या दरम्यान कधीतरी बाळाची नाळ पडते. बहुतेक बाळांची पहिल्या दोन आठवड्यांत पडतेच. ती नुसती वाळून पडत नाही. नाळ आणि बेंबी यांच्या सांध्यापाशी पांढऱ्या पेशी येतात आणि त्यांच्या कामामुळे तो सांधा सुटतो. पेशीच येत नसतील तर नाळ लोंबत राहते. तीन आठवडे, महिना, कधी त्याहूनही जास्त. मग बेंबी लाल होते, सुजते, चिघळते. १९७९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा बाळांचं वर्णन प्रसिद्ध झालं. उशिरा पडणारी नाळ, अंगभर संसर्ग आणि नीट न हलणाऱ्या पांढऱ्या पेशी, या तीन गोष्टी त्यात एकत्र सांगितल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत त्यामागचं कारण उलगडलं.

इथे घाबरून जायचं कारण नाही. धडधाकट बाळाचीही नाळ कधीकधी तीन आठवडे राहते. पण नाळ उशिरा पडली आणि शिवाय बेंबी चिघळली, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. आणि नाळेला हळद, राख, तेल, शेण यांपैकी काहीही लावायचं नाही. ती कोरडी ठेवायची. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा भेट देतात. त्यांना नाळ कधी पडली ते आठवणीने सांगावं. पुढे मुलाच्या आजाराचा उलगडा होताना ही एक तारीख डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

थोडी मोठी झालेली मुलं असतील, तर आणखी खुणा दिसतात. हिरड्या सुजणं, त्यांतून रक्त येणं, दुधाचे दात वेळेआधी हलणं. कान, फुप्फुस, गुदद्वाराजवळची त्वचा यांत पुन्हा पुन्हा संसर्ग होणं.

आणि मग रक्ताचा तो साधा कागद. सीबीसी म्हणून जी तपासणी तालुक्याच्या गावी होते, तिच्यात पांढऱ्या पेशींची संख्या दिलेली असते. मोठ्या माणसात ती रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, साधारण ४ ते ११ हजार असते; लहान बाळांत थोडी जास्त. संसर्ग झाला की ती वाढते आणि बरं वाटलं की उतरते. एलएडीच्या मुलांत ती बरं असतानाही २० हजारांच्या वर राहू शकते आणि आजारपणात लाखापर्यंतही जाते. इतका आकडा पाहून कधी रक्ताच्या कर्करोगाची शंका येते. वरवर पाहता हे उलटंच वाटतं. सैन्य एवढं मोठं, मग हार कशी? पण आपण नदी आठवू या. पोहणारे काठावर चढू शकत नाहीत, म्हणूनच तर ते पाण्यात एवढे दिसतात.

त्यामुळे माझी पहिली विनंती ही, की रक्ताचे जुने कागद फेकू नका. ताप गेला की कागद चुलीत जातो किंवा पावसात भिजतो. तीन वेगवेगळ्या महिन्यांतले तीन कागद शेजारी ठेवले, तर प्रत्येक वेळी फुगलेला आकडा एखाद्या जाणत्या डॉक्टरला लगेच दिसेल. एकाच कागदावरून तो दिसणार नाही.

आता परळकडे जाऊ. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट शोधला. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत हे लोक ‘ओ’ गटाचे वाटतात, पण त्यांना ‘ओ’ गटाचं रक्त चालत नाही. त्यांच्याच गटाचं लागतं. आपल्या देशात दर दहा हजारांत साधारण एक माणूस या गटाचा असतो असं मानतात. ही माणसं एरवी ठणठणीत असतात. त्यांच्या तांबड्या पेशींवर फ्यूकोज नावाची एक साखर जिथे असायला हवी, तिथे नसते, इतकंच.

पुढे १९९२ साली इस्राएलमधल्या दोन मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर संसर्ग होत होते, वाढ खुंटली होती आणि दोघांचाही रक्तगट होता बॉम्बे. त्यांच्या शरीरात फ्यूकोज साखर तांबड्या पेशींवर नव्हती, तशी पांढऱ्या पेशींवरही नव्हती. हाच एलएडीचा दुसरा प्रकार. गवतात अडकणारी साखर म्हणतात ती हीच. अशा काही मुलांना फ्यूकोज तोंडावाटे दिल्यावर गुण आल्याची उदाहरणं आहेत. मुंबईत रक्तगटाच्या निमित्ताने कळलेली गोष्ट चाळीस वर्षांनी दुसऱ्याच आजाराचं कोडं सोडवायला उपयोगी पडली. हे सांगताना पुन्हा बजावतो, बॉम्बे गट असणं म्हणजे हा आजार असणं नव्हे.

के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक संस्था आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासाचं केंद्र म्हणून ती सुरू झाली. आज जन्मजात प्रतिकारशक्तीच्या विकारांची तपासणी करणाऱ्या देशातल्या महत्त्वाच्या जागांपैकी ती एक आहे. जवळच लहान मुलांचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे. संस्थेच्या डॉ. मनीषा मडकईकर आणि वाडियाचे डॉ. मुकेश देसाई यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह एलएडीच्या पहिल्या प्रकारच्या मुलांची लक्षणं २०१२ साली ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात मांडली. हा आजार परदेशातल्या पुस्तकांतला नाही, आपल्याही घरांत आहे, हे अशा नोंदींमुळे कळतं.

तपासणी तशी सोपी आहे. बाळाचं थोडंसं रक्त घेतात. फ्लो सायटोमेट्री नावाच्या यंत्रातून पेशी एकामागून एक जातात आणि प्रत्येकीच्या अंगावर सीडी १८ आहे की नाही, हे प्रकाशाच्या साहाय्याने मोजलं जातं. ते दोन टक्क्यांहून कमी निघालं, तर आजार तीव्र. दोन ते तीस टक्के असेल, तर मध्यम; अशी मुलं औषधांच्या आधाराने मोठी होऊ शकतात. तीव्र आजारात मात्र वेळ फार थोडा असतो. अस्थिमज्जेचं रोपण झालं नाही, तर यांतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

इथे तिसरा शब्द येतो. हा मला सर्वांत जास्त बोचणारा शब्द आहे.

आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, एका गावात मी कवितांच्या कार्यक्रमाला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक बाई बोलायला आल्या. ‘भाऊ, तुम्ही आईवर कविता म्हणालात. माझी दोन लेकरं गेली. दोघंही वर्षाच्या आत. सासरची माणसं मला पांढऱ्या पायाची म्हणतात. त्यावर काही लिहिलंय का तुम्ही?’ त्या लेकरांना नेमकं काय झालं होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कागद नव्हते, तपासण्या नव्हत्या. पण ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे एलएडीबद्दल वाचलं, तेव्हा वाटलं, पाय अडखळले असतील तर ते पांढऱ्या पेशींचे. त्या पेशींची चूक आपण सुनेच्या पायांवर घातली.

विज्ञान याबाबत काय सांगतं, ते नीट ऐका. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एलएडी व्हायला दोन्ही प्रतींमध्ये दोष लागतो. म्हणजे एक सदोष प्रत आईने दिली, तशी दुसरी बापानेही दिली. अगदी समसमान. दोघंही स्वतः निरोगी असतात, कारण प्रत्येकाकडे एक चांगली प्रत असते. त्यांना आपल्यात काही दोष आहे याचा पत्ताही नसतो. यात दोष द्यायला कुणी माणूसच नाही. आणि द्यायचाच असेल, तर अर्धा मुलाच्या बापाकडे, म्हणजे सासरच्याच वंशाकडे जातो. मुलगा असो वा मुलगी, धोका सारखाच.

अशा आईबापांच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. हा हिशेब पुष्कळांचा चुकतो. पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली असं नाही. नाणं उडवताना मागच्या वेळी काय पडलं, हे नाण्याच्या लक्षात नसतं. एका मुलाच्या जनुकातला दोष नेमका सापडला असेल, तर पुढच्या गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते. म्हणून आजारी मुलाची तपासणी पुढच्या भावंडासाठीही महत्त्वाची आहे. एखादं मूल गमावलं असेल आणि त्याच्या तपासणीचे कागद असतील, तर ते जपून ठेवा. पुढच्या बाळाच्या वेळी ते जन्मल्या दिवसापासून डॉक्टरांच्या हातात असले पाहिजेत.

आता एक नाजूक गोष्ट. नात्यातल्या नात्यात लग्न झालं असेल, तर नवरा-बायको दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते, कारण दोघांचे आजी-आजोबा एक. आमच्या समाजात चुलत, मावस, मामे, आते भावंडांत लग्नं होतात. यावरून आम्हाला बोल लावणारे भेटतात, तेव्हा मी त्यांना हसत विचारतो, ‘आणि मामाच्या मुलीवर पहिला हक्क कुणाचा?’ महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. तेव्हा हा कुणा एका धर्माचा प्रश्न नाही. इस्लामने अशा लग्नाला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. आणि मामाची मुलगी केलीच पाहिजे असंही कुठे नाही. झालेली लग्नं झाली, त्यांबद्दल कुणी खंत करू नये. अशा बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगीच असतात. मात्र ज्या घराण्यात लहान मुलं संसर्गाने एकामागून एक गेली आहेत, तिथे पुन्हा नात्यात सोयरीक जुळवण्याआधी जनुकांच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढं म्हणायला काय हरकत आहे?

उपचाराचं काय? जंतुसंसर्गावर प्रतिजैविकं लागतात, पुष्कळदा शिरेतून आणि दीर्घकाळ. पण तीव्र आजारात खरा उपाय म्हणजे अस्थिमज्जेचं किंवा मूळपेशींचं रोपण. पांढऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात; कारखानाच बदलला की नव्या पेशी बोटं घेऊनच बाहेर पडतात. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ती नाही जुळली, तर अर्धी जुळणारी आईबापांची मज्जाही आता वापरता येते. या आजाराच्या ८४ रुग्णांमध्ये झालेल्या रोपणांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. रोपणानंतर तीन वर्षांनी सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते. २०२५ साली जनुक-उपचाराचा निष्कर्षही प्रसिद्ध झाला. नऊ मुलांच्या स्वतःच्याच पेशी बाहेर काढून, त्यांतला दोष दुरुस्त करून परत दिल्या होत्या आणि नऊही मुलं जगली. अर्थात हे प्रयोगातलं यश. ते गावापर्यंत यायला वेळ लागेल.

रोपणाचा खर्च लाखांत जातो. कांद्याच्या एका हंगामात तो निघणारा नाही. त्यासाठी एक माहिती उपयोगी पडेल. केंद्र सरकारचं दुर्मिळ आजारांविषयीचं राष्ट्रीय धोरण २०२१ साली आलं. एकदाच उपचार करून बरे होणारे प्रतिकारशक्तीचे जन्मजात विकार त्यात धरले आहेत. २०२२ पासून मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये केली गेली. ही मदत ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते आणि मुंबईचं के.ई.एम. हे त्यांपैकी एक आहे. म्हणजे मदत मागायची तर आजाराचं नाव ठरलेलं असावं लागतं. पाचवीला पुजलेल्या दुखण्याला निधी मिळत नाही.

हा आजार किती दुर्मिळ? दहा लाख जन्मांमागे साधारण एक, असा अंदाज सांगितला जातो. मग कुणी म्हणेल, एवढ्याशासाठी साऱ्या तालुक्याला कशाला ऐकवायचं? याचं कारण असं, की एलएडी हा एकटा नाही. प्रतिकारशक्तीचे जन्मजात विकार शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्याकडे जायची वाट एकच आहे. वर्षात दोनदा गंभीर न्यूमोनिया. दोन-दोन महिने प्रतिजैविकं देऊनही गुण नाही. त्वचेत किंवा आतल्या अवयवांत पुन्हा पुन्हा गळवं. वजन न वाढणं. घराण्यात लहानपणीच संसर्गाने झालेले मृत्यू. यांपैकी दोन गोष्टी एका मुलात दिसल्या, तर डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘याच्या प्रतिकारशक्तीची तपासणी करायला हवी का?’ हा प्रश्न विचारण्यात त्यांचा अपमान नाही. दुर्मिळ आजाराची आठवण करून दिली, तर चांगला डॉक्टर रागावत नाही. लसी मात्र आपल्या मनाने थांबवू नयेत. त्यातलं काय द्यायचं, काय नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावं.

चौथा शब्द नजर. मूल सुकलं की दृष्ट काढली जाते, तावीज बांधला जातो. दर्ग्यात आमच्या शेजारी बसून हिंदू आया नवस बोलतात आणि आमच्या बायका मीठ-मोहऱ्या ओवाळतात. आईच्या या धडपडीला मी हसणार नाही. तिला जे हाती लागतं, ते ती करते. पण तावीज बांधून झाला की त्याच दिवशी निघावं. जुन्नरहून पुणं नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, मुंबईला जायचं तर माळशेज घाट उतरला की कल्याण. वाट लांब आहे, पण माहीत असलेली आहे. या वाटेने आपण टोमॅटो आणि कांदा रोज पाठवतो.

निघताना पिशवीत चार गोष्टी असाव्यात: रक्ताचे सगळे जुने कागद, नाळ पडल्याची तारीख, आजवर दिलेल्या औषधांची नावं आणि घराण्यात लहानपणी गेलेल्या मुलांची माहिती. ही शेवटची गोष्ट सांगताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्यावं. त्यांच्या आठवणीत अशी नावं असतात, जी कुठल्याच कागदावर नाहीत.

आणि आपण शेजाऱ्यांनी काय करावं? उद्या ओट्यावर कुणी म्हणालं, ‘याचं दुखणं पाचवीलाच पुजलंय’, तर मान डोलवू नये. त्या आईला विचारावं, ‘ताई, रक्ताचे कागद ठेवलेत का? मागच्या वेळी पांढऱ्या पेशी किती होत्या?’ तिला उत्तर माहीत नसेल. मग तिच्याबरोबर बसून कागद शोधावेत.